क्लोईचं सुधारणं कुणाला नको होतं?



या व्यासपीठावरून संतसाहित्य, सहकार, शेती, पाणी अशा विषयांवर मातब्बर मंडळी बोलून गेली आहेत. तिथे उभं राहून मी लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेवर तासभर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोन करून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यांचं काही चुकलं नाही.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्यांच्या हाताखाली शिकलेले बरेच जण इथे आहेत. बाई गोष्ट सांगायच्या, पण तात्पर्य कधी फळ्यावर लिहायच्या नाहीत. त्याऐवजी एक प्रश्न टाकायच्या. मग दुसऱ्या दिवशी तो कसा वागला असेल? शर्यत हरलेला ससा दुसऱ्या दिवशी कासवाला भेटला, तेव्हा आधी कोण बोललं? ‘लांडगा आला’ म्हणून ओरडणाऱ्या पोराला बापाने पुन्हा मेंढ्या राखायला धाडलं का? वर्गात यावरून हमरीतुमरी व्हायची. गोष्टीतलं पात्र नीट रंगवलंय की नाही, हे तपासायला याहून चांगली कसोटी मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडली नाही. आज तीच मी लावणार आहे.

मालिकेचं नाव ‘मिरॅक्युलस: टेल्स ऑफ लेडीबग अँड कॅट न्वार’. मूळची फ्रेंच. तोमा आस्त्र्युक हा तिचा जनक. झॅगटून आणि मेथड अ‍ॅनिमेशन या फ्रेंच कंपन्यांनी ती काढली, जपानची तोएई आणि कोरियाचा एसएएमजी स्टुडिओ जोडीला होते. पडद्यावर मात्र ती फ्रान्सच्या आधी दक्षिण कोरियात आली, 1 सप्टेंबर 2015 रोजी. फ्रान्समध्ये टीएफ-1 वाहिनीवर ती ऑक्टोबरात सुरू झाली. आपल्याकडे डिस्ने चॅनेलवर ती हिंदीतून आली. ज्यांच्या घरात सहा ते बारा वर्षांची नात आहे, त्यांनी काळ्या ठिपक्यांचा लाल पोशाख पाहिला असेलच.

आजी-आजोबांसाठी कथा थोडक्यात सांगतो. मॅरिनेट ही पॅरिसमधल्या एका बेकरीच्या वर राहणारी शाळकरी मुलगी. बाप बेकरीवाला, आईचं माहेर चिनी वंशाचं. मुलगी धडपडी, म्हणजे अक्षरशः धडपडणारी, पण हातात कपडे बेतायची कला. जादूचे कानातले घातले की ती लेडीबग होते. तिच्याच वर्गात एड्रियन आहे, नामांकित फॅशन डिझायनर गॅब्रिएल आग्रेस्त यांचा एकुलता एक मुलगा. बोटातल्या अंगठीने तो कॅट न्वार होतो. मॅरिनेटचा जीव एड्रियनवर, कॅट न्वारचा लेडीबगवर. दोघं रोज खांद्याला खांदा लावून लढतात, पण मुखवट्यामागे कोण आहे हे एकमेकांना ठाऊक नाही. आणि ज्या हॉक मॉथशी ते लढतात, तो एड्रियनचा बाप आहे. तळघरात काचेच्या पेटीत निपचित पडलेल्या बायकोला परत आणण्यासाठी त्याला या दोघांचे जादूचे दागिने हवे आहेत.

कल्पना उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. टीका करायला आलो म्हणून हातचं राखून ठेवणार नाही. मुखवटा घातल्यावर धीट होणारी मुलगी आणि मुखवटा घातल्यावरच मोकळा हसणारा मुलगा, यात नाटक आहे. त्याहून चांगली आहे ती खलनायकाची रीत. हॉक मॉथ स्वतः रस्त्यावर फारसा उतरत नाही. तो शहरात कुणाचं मन दुखावलंय ते हेरतो आणि एक काळं फुलपाखरू सोडतो. ते त्या माणसाच्या हातातल्या वस्तूत शिरतं आणि माणसाचा राक्षस होतो. म्हणजे बहुतेक भागांत राक्षस कुणीतरी दुखावलेला माणूसच असतो. स्पर्धेत हरलेली मुलगी, बोलणी खाल्लेला शिक्षक. लेखकाला आयती खाण मिळाली होती.

आता कसोटी लावू. भाग संपताना लेडीबग आपली जादूची वस्तू आकाशात भिरकावते आणि लाल किड्यांचा थवा शहरभर फिरतो. पडलेले पूल उभे राहतात, फुटलेल्या काचा सांधतात. इथवर हरकत नाही. पण राक्षस झालेल्या माणसाला आपण काय केलं हेही आठवत नाही. तो डोळे चोळत उठतो, लेडीबग खांद्यावर हात ठेवते, भाग संपला. काल आपण शहर बुडवायला निघालो होतो याची ना लाज, ना भीती. ज्याने त्याला दुखावलं त्यालाही सहसा काही भरावं लागत नाही. दुसरा दिवसच उगवत नाही.

याचं टोक म्हणजे कबुतरांना दाणे टाकणारे मिस्टर रामिए. बागेत कबुतरांना खायला घालायला बंदी, पोलीस हुसकावतो, म्हणून हे गृहस्थ पहिल्याच हंगामात राक्षस होतात. कबुतरांसारखी मान हलवत चालतात, मजा येते. चौथ्या हंगामात त्यांच्यावर आणखी एक भाग आहे, त्याचं नावच ‘मिस्टर पिजन 72’. कारण ते बहात्तराव्यांदा राक्षस झालेले असतात. लेखकांनी स्वतःचीच थट्टा केली आहे आणि ती थट्टा जमलीही आहे. पण बाईंच्या वर्गातलं पोर इथे हात वर करून विचारणार, की बहात्तर वेळा झालं तरी त्या म्हाताऱ्याशेजारी बाकावर जाऊन कुणी बसलं कसं नाही? बागेचा नियम कुणी बदलला कसा नाही?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. लहान मुलांना तेच ते हवं असतं. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर आजीला थांबवतात. मग पात्र बदललं नाही म्हणून काय बिघडलं? आपल्या फास्टर फेणेला घ्या. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पुस्तकामागून पुस्तकं ‘ट्टॉक’ करत तसाच राहिला. त्याने वयात यावं, गंभीर व्हावं असं आपल्याला कधी वाटलं नाही. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण घ्या. रत्नाकर मतकरींनी ती लिहिली, दिलीप प्रभावळकरांनी ती केली, पुढे वैभव मांगले यांनी केली, आणि सगळ्या पिढ्यांना ती जशी आहे तशीच हवी. चिंची सुधारली तर तिकिटाचे पैसे परत मागावे लागतील.

शक्तिमानचंही तेच. 1997 ते 2005 दूरदर्शनवर मुकेश खन्ना गिरकी घेऊन अवतरत होते. चष्मा, पुढे आलेले दात आणि लांबलचक नावाचा पंडित गंगाधर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, गीता विश्वास बातमीदार, किलविष अंधाराचा सम्राट. पहिल्या भागात जो शक्तिमान होता तोच शेवटच्या भागात. सिद्ध पुरुषाला सुधारायचं काय शिल्लक असणार? गीता वर्षानुवर्षं संकटात सापडत राहिली, ही तक्रार मला आहे, पण मालिकेने फसवलं असं म्हणणार नाही. गंमत पाहा, त्या मालिकेत बदलणारं पात्र एकच होतं आणि ते मुख्य कथेत नव्हतंच. शेवटच्या ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’मधला तो कुठला तरी मुलगा. कचरा टाकायचा, खोटं बोलायचा, शक्तिमान समजवायचा आणि तो ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचा. दोन मिनिटांत चूक, जाणीव, कबुली. भाबडं होतं, पण आमच्या घरांत त्या दोन मिनिटांवर जेवढं बोलणं झालं तेवढं किलविषावर झालं नाही.

तेव्हा स्थिर पात्र म्हणजे कच्चं पात्र असं मी मुळीच म्हणत नाही. चिंची सुधारेल असं मतकरी आपल्याला सांगत नाहीत. माझी तक्रार वेगळीच आहे. मालिका मुलाला सांगते, की बघ, ही बदलतेय. मूल विश्वास ठेवतं, जीव लावतं. मग ते दिलेलं परत काढून घेतात. ‘मिरॅक्युलस’ने हे क्लोईच्या बाबतीत केलं, आणि म्हणून आजचा निम्मा वेळ मी क्लोईला देणार आहे.

क्लोई बूर्ज्वा ही पॅरिसच्या महापौरांची मुलगी. वर्गातली छळवादी. दुसऱ्याचा गृहपाठ आपल्या नावावर, मैत्रिणीला नोकरासारखं राबवणं, काही झालं की बापाला फोन. घरच्या बटलरने तिला लहानाचं मोठं केलं, पण त्याचं नावही तिला धड आठवत नाही. ‘ज्यां’ म्हणते आणि पुढे काहीतरी जोडून देते, दर वेळी नवं. पहिल्या हंगामात ती एवढीच आहे. लिहिणाऱ्यांनी तिला ठोकायला ठेवलेली असते, मुलंही तिचा तिरस्कार करतात, सगळं ठीक.

दुसऱ्या हंगामात तिची आई येते. ऑद्री, न्यूयॉर्कमधली बडी फॅशन समीक्षक, पोटच्या मुलीकडे ढुंकून न बघणारी. आणि एकदम क्लोई कळते. ही पोरगी आईची नजर वळवायला काहीही करेल. नेमका त्याच वेळी मधमाशीची शक्ती देणारा जादूचा कंगवा हरवतो आणि तिला सापडतो. ती काय करते? सगळ्या शहरासमोर, मुखवट्याआडची ओळख न लपवता, ‘क्वीन बी’ होऊन मिरवते. मग आपण कुणाला तरी वाचवलेलं दिसावं म्हणून मेट्रोच्या चालकाला डंख मारून जागीच निश्चल करते. गाडी थांबवायची कशी हे तिला ठाऊक नाही. भरधाव गाडी, आत माणसं, आणि ही मुलगी आता खरोखर घाबरलेली. ती थांबवायला शेवटी लेडीबग आणि कॅट न्वारच लागतात.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मुलांच्या मालिकेत इतकं नेमकं पात्र क्वचित उभं राहतं. चांगलं दिसायची हौस आणि चांगलं असणं यांतलं अंतर एका रेल्वेगाडीत बसवलं आहे. आता या मुलीला पुढे काय काय शिकता येईल, असं वाटून आपण सरसावून बसतो.

आणि मालिका निराशही करत नाही, निदान काही काळ. पुढच्या एका भागात क्लोई पॅरिस सोडून चालली म्हणून वर्ग पार्टी करतो. लेडीबग तिला तोच कंगवा विश्वासाने देते. राक्षस झालेल्या स्वतःच्या बापाविरुद्ध ती लढते आणि काम झाल्यावर कंगवा स्वतःहून परत करते. ज्या मुलीने तो मिरवण्यासाठी गाडीभर माणसं धोक्यात घातली तिने तो परत केला, हे लक्षात घ्या. तिसऱ्या हंगामात हॉक मॉथचं फुलपाखरू तिच्याकडे येतं तेव्हा ती त्याला नकार देते. अख्ख्या पॅरिसमध्ये असा नकार देता येणारी माणसं फार थोडी. घराघरातल्या मुलांनी तेव्हा क्लोईला आपलं म्हटलं.

मग तिसऱ्या हंगामाचा शेवट येतो. तिची ओळख जगजाहीर झालेली, म्हणून लेडीबग तिला कंगवा देईनाशी होते. कारण योग्य आहे, पण ते तिच्याशी कुणी नीट बसून बोलत नाही. हॉक मॉथ तिच्या हातात कंगवा ठेवतो आणि ती त्याच्या बाजूला जाते. इथेही मी मालिकेला दोष देत नाही. सुधारणारी माणसं घसरतात, आणि घसरण इतकी खरी लिहिली गेली असेल तर कथेला वजन येतं. प्रश्न पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी क्लोई कशी वागली?

वागली ती पहिल्या हंगामातल्या क्लोईसारखी. किंबहुना त्याहून वाईट. चौथ्या हंगामात तिची सावत्र बहीण झोई येते. आई तीच ऑद्री, स्वभाव गोड, मनाने चांगली. मधमाशीचा कंगवा आता झोईला मिळतो. क्लोईला विनोदी खलनायिका केली जाते. पाचव्या हंगामात ती थेट महापौर होऊन शहरावर जुलूम करते, लोक उठाव करतात आणि अखेर तिला आईबरोबर शहराबाहेर रवाना केलं जातं. मेट्रोतला घाबरलेला चेहरा, परत केलेला कंगवा, नाकारलेलं फुलपाखरू, यांतलं काहीच जणू घडलं नव्हतं.

काही जण म्हणतील, सगळे सुधारतात असं मुलांना का शिकवायचं? काही माणसं नाही सुधारत. मान्य. पण मग न सुधारणंही लिहावं लागतं. आईची नजर मिळवायला निघालेली मुलगी ती न मिळाल्यावर कठोर कशी होत गेली, हे दाखवायला दोन-तीन भाग पुरले असते. इथे तसं काही झालं नाही. एका मुलीची जागा तिच्या चांगल्या बहिणीने भरून काढली, एवढंच झालं. झोईला क्लोईसारखं काही ओलांडायचंच नाही. ती आली तेव्हाच पोचलेली होती.

याच वळणावर दुसऱ्या एका मालिकेने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ 2005 ते 2008 या काळात निकलोडियनवर आली. तिचा नायक पाठीला झूल बांधून उडणाऱ्यांपैकी नाही, पण शक्ती असलेली मुलं आणि बलाढ्य शत्रू हा साचा तोच. तिच्यातला राजपुत्र झुको. बापाने चेहरा भाजून देशोधडीला लावलेला. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी चांगुलपणाची वाट समोर असताना तो बहिणीची बाजू घेतो आणि ज्या काकाने त्याला सांभाळलं त्यालाच कैद होऊ देतो. हंगामाचा शेवट, विश्वासघात, क्लोईची हुबेहूब जागा.

तिसऱ्या हंगामात झुको मानाने घरी जातो. ज्यासाठी तळमळला ते बापाचं कौतुक त्याला मिळतं, आणि तिथे त्याला स्वस्थता नाही. सूर्यग्रहणाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहून सगळं बोलून टाकतो आणि निघतो. पण ज्यांचा वर्षभर पाठलाग केला ती मुलं त्याला का म्हणून घेतील? तो बोलायला जातो, नीट बोलता येत नाही. रात्री त्यांच्यातली एक आंधळी मुलगी, टॉफ, चांगल्या मनाने त्याच्याकडे येते, तर दचकून त्याच्या हातून आग सुटते आणि तिचेच पाय पोळतात. शेवटी घेतात त्याला. पण त्यांच्यातलीच कतारा त्याला एकटा गाठून सांगते, की तुझा पाय घसरला तर गाठ माझ्याशी आहे. विश्वास बसायला तिला बरेच भाग लागतात. काकाची माफी मागायची वेळ येते तेव्हा तो तंबूत रात्रभर बसून राहतो. सकाळी काका उठतात, याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याला कवटाळतात. बाईंचा प्रश्न इथे दर भागाला विचारला गेला आहे आणि दर भागाला त्याचं उत्तर आहे.

अवतारच्या लेखकांना तीन हंगामांत गोष्ट संपवायची होती. 61 भाग, आणि शेवट कुठे आहे हे ठाऊक. ‘मिरॅक्युलस’ला शेवट परवडत नाही. ती शंभरावर देशांत विकली गेली, वाहिन्यांनी भाग आपापल्या क्रमाने दाखवले. एखाद्या देशात दुसऱ्या हंगामातला भाग आधी, पहिल्यातला नंतर. लेडीबग आणि कॅट न्वारची सुरुवात कशी झाली हे सांगणारे दोन भागही पहिल्या हंगामात अगदी शेवटाला ठेवलेले आहेत. अशा मालिकेत सोमवारी सुधारलेली क्लोई मंगळवारी पुन्हा बिघडलेली दिसणार, कारण मंगळवारचा भाग आधी बनलेला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने सोपा उपाय एकच, तिला सुधारूच द्यायचं नाही. शिवाय दुकानात बाहुल्या आहेत. बाहुलीच्या खोक्यावर ज्याचा त्याचा स्वभाव छापलेला असतो, तो दर हंगामाला बदलून चालत नाही.

पात्र घडवण्याचं काम लेखकाच्या टेबलाऐवजी दुसरीकडेच होऊ लागलं की काय होतं, याचं जुनं आणि काहीसं विनोदी उदाहरण ‘माइटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’. 1993 ची अमेरिकन मालिका, पण मारामारीची दृश्यं जपानी ‘झ्यूरेंजर’मधून घेतलेली. शाळेतले प्रसंग अमेरिकेत चित्रित करायचे, शिरस्त्राण चढलं की खालचा माणूस जपानी. जपानी मालिकेत पिवळा योद्धा मुलगा होता, अमेरिकेत ती भूमिका ट्रिनी नावाच्या मुलीला दिली. म्हणून गुलाबी रेंजरच्या पोशाखाला छोटा स्कर्ट आहे आणि पिवळ्या रेंजरला नाही. ट्रिनी लढायला लागली की पडद्यावर एक मुलगाच लढत असे.

पुढे 1994 मध्ये मानधनावरून तीन नट-नट्या मालिका सोडून गेल्या. त्यांच्या पात्रांचं काय करायचं? स्वित्झर्लंडला शांतता परिषदेला पाठवलं. निरोपाच्या भागांत ती तिघं दिसतात ती पाठमोरी, दुरून, नाहीतर जुन्या दृश्यांतून. जिवावर उदार होऊन जग वाचवलेले तीन मित्र निघाले आणि एकमेकांना मिठी मारायला त्यांना चेहरेच नव्हते. लहान वयात हे पाहिलेली मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांतल्या अनेकांना स्वित्झर्लंड अजून आठवतं.

आता एड्रियनकडे येतो, कारण माझ्या मते क्लोईपेक्षाही मोठा अन्याय त्याच्यावर झाला. मालिका आजच्या रूपात येण्याआधी 2012 मध्ये तिची एक द्विमितीय जाहिरात-चित्रफीत तयार झाली होती. तिच्यात नायक एड्रियन नव्हताच, फेलिक्स नावाचा थंड, तुसडा मुलगा होता. तो बाद झाला आणि त्याच्या जागी गोड, आज्ञाधारक, सगळ्यांशी चांगला वागणारा एड्रियन आला. गंमत म्हणजे तिसऱ्या हंगामात फेलिक्स परत आला, एड्रियनचा मावसभाऊ म्हणून. नायकाचे काटे काढून घेतले आणि चुलत-मावस नात्यात वाटून टाकले. साहजिकच पाहणाऱ्यांना फेलिक्स जास्त जिवंत वाटतो. तो चुकतो, फसवतो, प्रेमात पडतो, पस्तावतो. एड्रियन हसत राहतो.

तिसऱ्या हंगामात लीला नावाची मुलगी वर्गात खोट्यावर खोटं बोलत असते. मॅरिनेटला एकटीला मागच्या बाकावर ढकललं जातं. एड्रियनला खरं काय ते ठाऊक आहे. तो मॅरिनेटला सांगतो, की तिला उघडं पाडू नकोस, आपल्या दोघांना खरं माहीत आहे ना, मग झालं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने असा चुकीचा सल्ला देणं अगदी स्वाभाविक आहे. घरात बापापुढे गप्प राहायला शिकलेला मुलगा दुसऱ्यालाही गप्प राहायलाच सांगणार. पण मालिका त्या सल्ल्याला चूक म्हणायला धजत नाही. चूक नाही म्हणजे शिकणं नाही.

पुढे तर एक थक्क करणारी गोष्ट उघड होते. एड्रियन जादूने निर्माण झालेला मुलगा आहे. ज्याच्या हाती विशिष्ट अंगठ्या, त्याचा हुकूम तो मोडू शकत नाही. म्हणजे ज्याला आपण इतके दिवस मुळमुळीत लेखन म्हणत होतो, त्या आज्ञाधारकपणालाच कथेत कारण मिळालं. केवढी संधी! आपलं ‘हो’ आपलं नव्हतं हे ज्या दिवशी या मुलाला कळेल, त्या दिवशी तो काय करेल? पाचव्या हंगामात हे फेलिक्सला ठाऊक असतं, तो नाटक करून मॅरिनेटला सांगतो. एड्रियनला कुणी सांगत नाही.

आणि मग 2023 मधली शेवटची लढाई. बाप विरुद्ध मुलगा, ज्यासाठी पाच हंगाम वाट पाहिली. त्या लढाईत एड्रियन नाही. तो लंडनमध्ये एका खोलीत कोंडलेला आहे. त्याची अंगठी मॅरिनेटच्या बोटात आहे, ती दोन्ही दागिने घालून एकटी लढते. गॅब्रिएल मरतो. पॅरिस त्याला वीर समजतं, त्याचा पुतळा उभारतं. मॅरिनेट एड्रियनला सांगते, की तुझे वडील वीरासारखे गेले. वडील राक्षस होते हे नाही, तू कोण आहेस हे नाही. मालिकेच्या शीर्षकातलं दुसरं नाव ज्याचं आहे तो मुलगा स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी गैरहजर राहिला.

मॅरिनेट हे सगळं त्याच्या भल्यासाठी करते, असं दाखवलंय. गॅब्रिएलही आयुष्यभर हेच म्हणत आला होता. मालिकेला हे साम्य दिसलं असतं, तर पुढच्या हंगामांना भक्कम पाया मिळाला असता. पण तिच्या चुकांना मालिका आधीच कारणं शोधून ठेवते. एड्रियनसमोर ती इतकी का गोंधळते, त्याच्या मागे चोरून का फिरते, याबद्दल लोक कुरकुरू लागले. तेव्हा पाचव्या हंगामात एक भाग आला, की पूर्वी वर्गातल्या किमने आणि क्लोईने तिची क्रूर चेष्टा केली होती, म्हणून ती अशी. खापर पुन्हा क्लोईच्या डोक्यावर. जुनं दुःख शोधून आणलं की आजचं वागणं माफ, हा हिशेब मोठ्यांच्या मालिकांतूनही हल्ली फार चालतो. मॅरिनेटने दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलं, याचं उत्तर त्यात येत नाही.

मुलांना हे कळतं का, असं मला विचारतात. कळतं, आणि त्याचा पुरावा त्यांनी लिहून ठेवलाय. या मालिकेवर जगभरच्या मुला-मुलींनी आपल्या मनाने कथा लिहिल्या आहेत, त्यांत क्लोईला परत आणणाऱ्या कितीतरी आहेत. मी त्यातल्या पुष्कळ वाचल्या. व्याकरण कच्चं, वर्णनं लांबलेली, पण एक गोष्ट मला वारंवार दिसली. या लेखकांची क्लोई माफी मागायला बेकरीत येते, आणि मॅरिनेट तिला लगेच माफ करत नाही. कधी दार लावून घेते. कधी ‘विचार करून सांगते’ म्हणते. एका कथेत क्लोई सगळ्यात आधी बटलरकडे जाते आणि त्याचं खरं नाव विचारते.

ते लिहिणारी मुलं तेरा-चौदा वर्षांची असावीत. आपल्याकडे मराठीत मुलांसाठी मालिका काढू पाहणारी तरुण मंडळी अधूनमधून मला भेटतात, चित्रांचे नमुने दाखवतात, नायकाच्या शक्तींची यादी वाचून दाखवतात. यादी ऐकून झाली की मी त्यांना विचारतो, तुमच्या नायकाने मित्राला फसवलं, तर सातव्या भागात ते दोघं डबा एकत्र खातात का? बहुतेकांचा सातवा भाग अजून लिहून व्हायचा असतो. एका मुलीने मात्र थोडा विचार करून सांगितलं, की खातात, पण लोणचं वाटून घेत नाहीत.

इथे थांबतो. प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे. मागे मुलं बसलेली दिसताहेत, माइक आधी त्यांच्याकडे द्या.